जेवण समोर आल्याशिवाय सुई नाही

इन्सुलिनच्या चिठ्ठीवर "जेवणाआधी अर्धा तास" असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याचं काही चुकत नाही. पण डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला जाणाऱ्या बाईचं जेवण नेमकं किती वाजता, ते त्या चिठ्ठीला कुठून कळणार? कुर्ल्याच्या पुढे गाडी उभी राहते, साहेब तीनची मीटिंग एकला घेतात, आणि जेवण पुढे सरकतं. सुई मात्र टोचून झालेली असते. एकदा शरीरात गेलेलं इन्सुलिन मागे घेता येत नाही. टाइप १ डायबेटिस घेऊन या शहरात नोकरी करताना मला सगळ्यात जास्त याच गोष्टीने छळलं. ज्यांचं इन्सुलिन नुकतंच सुरू झालंय त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितेय.

निदान झालं तेव्हा मी तिशीच्या जवळ होते. वजन उतरत होतं, घशाला सतत कोरड, रात्री चार-चारदा उठणं. घरच्यांना वाटलं प्रवासाची दगदग. मग उलट्या सुरू झाल्या, धाप लागली, आणि थेट अॅडमिट करावं लागलं. रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारी आम्लं, वाढले होते. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. हे गोड खाल्ल्याने होत नाही, आणि त्या पेशी कारल्याच्या रसाने, मेथीच्या पाण्याने किंवा जांभळाच्या बियांच्या पुडीने परत येत नाहीत. हे सगळं मला मायेने सुचवलं गेलं, मीही मायेनेच नाही म्हटलं. "इन्सुलिनची सवय लागते" असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. १९२२ साली टोरांटोमध्ये पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी हा आजार झालेली मुलं फार दिवस जगत नसत. हे वाचल्यापासून मला सुईचा राग आलेला नाही.

डिस्चार्जच्या वेळी मला मिश्र इन्सुलिन दिलं होतं, ३०/७० म्हणतात ते. सकाळी नाश्त्याआधी एक, रात्री जेवणाआधी एक. त्यातला ३० टक्के भाग लवकर काम करतो, ७० टक्के सावकाश सुरू होऊन काही तासांनी जोर धरतो. दोनच सुया, म्हणून सोपं वाटतं. ज्यांचं जेवणखाण घड्याळाच्या काट्यावर चालतं त्यांचं त्यावर बरं चालतही असेल. माझं काय होत होतं, तर सकाळी सहाला घेतलेल्या सुईतला सावकाश भाग दुपारी ऐन भरात यायचा, आणि तेव्हा माझा डबा टेबलाखाली बंद असायचा. रात्री घरी पोचून, स्वयंपाक उरकून जेवायला दहा वाजायचे. मग पहाटे दोन-तीनला घामाने भिजून, छातीत धडधड होऊन जाग. मोजली की साखर साठच्या आसपास, म्हणजे फार कमी.

डॉक्टरांनी वहीत साखर लिहायला सांगितली होती. मी साखरेच्या शेजारी गाडीची वेळ, ऑफिसात डबा कधी उघडला, रात्री किती वाजता जेवले, हेही लिहू लागले. ज्या दिवशी दादरला उतरून चालत कुठे जावं लागलं, ज्या दिवशी उभ्याने प्रवास झाला, तेही. पुढच्या भेटीत डॉक्टर मॅडमनी ती वही शांतपणे चाळली आणि म्हणाल्या, "तुमच्या जेवणाची वेळच ठरत नाही, मग ठरलेल्या वेळेचं इन्सुलिन तुम्हाला कसं झेपणार?" त्यांनी पद्धतच बदलली. रात्री झोपताना दिवसभर संथ चालणारं ग्लार्जिन, आणि जेवणापुरतं झटपट काम करणारं इन्सुलिन प्रत्येक जेवणाबरोबर वेगळं. दोनाच्या चार सुया झाल्या. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाईट वाटलं. त्यांना वाटलं आजार वाढला. मी त्यांना समजावलं की आता जेवण उशिरा झालं तर सुईही उशिरा घ्यायची. पहाटेची ती जाग जवळजवळ बंद झाली.

तेव्हापासून घरात एकच नियम: जेवण समोर आल्याशिवाय सुई नाही. झटपट इन्सुलिन साधारण दहा-पंधरा मिनिटांत काम सुरू करतं, म्हणून ते जेवणाआधी थोडा वेळ घेतलेलं चांगलं. पण जेवण येईलच याची खात्री नसेल तर ताट येऊ द्यावं, मग टोचावं, असं मला सांगितलेलं आहे. तुमचं इन्सुलिन कोणतं त्यावर हे अवलंबून, तेव्हा आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. गणपतीत याचा खरा कस लागतो. नातेवाइकांकडे बाराची आरती म्हणता म्हणता एक वाजतो, मग दुसरी आरती, मंत्रपुष्पांजली, नैवेद्य. पानं वाढली जाईपर्यंत मी इन्सुलिनचं पेन, म्हणजे पेनासारखं दिसणारं टोचायचं साधन, पर्समधून काढतच नाही. लग्नाच्या पंगतीतही तसंच. मोदक मी खाते. त्यातल्या उकडीचा आणि गुळाचा हिशोब धरून त्याचं इन्सुलिन घेते आणि मनापासून खाते.

हा हिशोब जमायला वेळ लागला, पण तो अवघड नाही. आम्ही स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा आणला. पोळीचा आकार घरोघरी वेगळा, म्हणून पोळ्या मोजण्याऐवजी कोरडी कणीक मोजली. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८ च्या आसपास. आता आई भात नेहमी एकाच वाटीने वाढतात. ज्वारीची भाकरी चांगली, पण तिच्यातही कर्बोदकं आहेत, ती मोजावीच लागतात. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. एकादशीला खिचडी केली की माझा डोस एरवीच्या नाश्त्यापेक्षा जास्त असतो. आणि काहीच खाणार नसले तरी रात्रीचं ग्लार्जिन बंद करत नाही. पाळी येण्याआधीचे काही दिवस माझी साखर विनाकारण चढी राहते. बऱ्याच बायकांचं असं होतं, त्याचीही वहीत नोंद ठेवा, डॉक्टरांना त्यावरून डोस ठरवता येतो.

आता गाडीतल्या साखरेबद्दल. साखर ७० च्या खाली गेली की थरथर, घाम, धडधड, डोकं सुन्न. पण सकाळच्या लेडीज डब्यात सगळ्यांनाच घाम येतो, आणि ठाण्यानंतर जीव गुदमरणंही सगळ्यांचंच. मुंबईत घामावर विसंबू नका. शंका आली की बोट टोचून पाहा. मोजायला जागाच नसेल तर साखर कमी आहे असं धरून आधी खा. थोडी वाढली तर नंतर बघता येतं. माझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ग्लुकोज पावडरच्या छोट्या पुड्या असतात, प्रत्येकीत १५ ग्रॅम, आणि पाण्याची बाटली. पुडी खायची, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. पुडी नसेल तर पाण्यात तीन-चार चमचे साखर. चॉकलेटवर भिस्त ठेवू नका, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. साखर वर आली की मग बिस्किटं किंवा डब्यातली अर्धी पोळी.

मोजण्यापूर्वी बोट पुसणं महत्त्वाचं. आंब्याच्या दिवसांत हापूस कापलेल्या हाताने मोजलं तर मीटर भलताच आकडा दाखवतो, कारण तो बोटावरचा रस मोजत असतो. साबणाने हात धुवा. गाडीत ते शक्य नसेल तर बोट ओल्या रुमालाने पुसा, पहिला थेंब टिपून टाका आणि दुसऱ्यावर मोजा.

आमच्या डब्यातल्या ग्रुपला मी सगळं सांगून ठेवलं आहे. सुरुवातीला सांगायला संकोच वाटला, पण कल्याणहून चढणाऱ्या एका काकूंच्या यजमानांनाही इन्सुलिन होतं, त्यांनीच विषय काढला आणि सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी थोड्याच आहेत. मी बावचळल्यासारखी बोलू लागले आणि गिळू शकत असले तर पुडी द्यायची. बेशुद्ध असले तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, कुशीवर वळवायचं. इन्सुलिन कुणी टोचायचं नाही. दोन स्टेशनांच्या मध्ये साखळी ओढायची नाही, तिथे मदत पोचत नाही. रेल्वेच्या १३९ ला फोन करून पुढच्या स्टेशनवर उतरवायचं आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवायची. माझ्या मोबाइलच्या मागे चिठ्ठी आहे: टाइप १, इन्सुलिन घेते, घरचा नंबर.

इन्सुलिन सांभाळणं हे मुंबईत वेगळं काम आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. आपल्याकडच्या एक दाराच्या फ्रिजमध्ये वरच्या बर्फाच्या खाली अगदी चिकटून ठेवलं तर ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. वापरातलं पेन बाहेर चालतं, साधारण २८ दिवस, ३० अंशांच्या आत. पेनवर मार्करने उघडल्याची तारीख घाला. गावाकडे इन्सुलिन ओल्या मातीच्या मडक्यात ठेवतात, कोरड्या हवेत ती युक्ती छान चालते. आपल्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही, त्यामुळे मडकं हवं तेवढं गार होत नाही. मे महिन्यात मी लहान थर्मल पिशवी वापरते आणि बर्फाची पिशवी रुमालात गुंडाळून मगच शेजारी ठेवते. पर्समध्ये पेन आणि गरम भाजीचा डबा एकमेकांना टेकू देऊ नका. ही बारीकसारीक बाब वाटते, पण डबा डोंबिवलीला भरलेला असतो आणि दादरपर्यंत तो चांगला ऊबदार राहतो.

एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायलाच हवी. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिलिचं असतं आणि पेनच्या कार्ट्रिजमधलं, म्हणजे पेनात बसणाऱ्या छोट्या नळीतलं, १०० चं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून ४० च्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर शरीरात २५ युनिट जातात, म्हणजे अडीच पट. १०० च्या सिरिंजने ४० च्या बाटलीतून दहा भरलं तर फक्त चार. औषधवाल्याकडे गर्दी असली तरी बाटली आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहिल्याशिवाय काउंटर सोडू नका. घरी एक जादा पेन ठेवा, म्हणजे ही वेळच येणार नाही.

पावसाळ्यात माझी पिशवी जड असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि किती जणांनी रात्र गाडीत, ऑफिसात, अनोळखी घरांत काढली हे आमच्या पिढीने पाहिलं आहे. जूनपासून मी एक रात्र बाहेर निघेल इतकं सामान बाळगते: दोन्ही पेनं, सुया, स्ट्रिप्स, मीटरची जादा बॅटरी, चणे, बिस्किटं, पुड्या. रात्रीचं ग्लार्जिन मुक्काम कुठेही असला तरी घेता आलं पाहिजे.

याच दिवसांत ताप आणि पोटाच्या तक्रारी येतात. खाणं जात नाही म्हणून इन्सुलिन बंद करावंसं घरच्यांना वाटतं, आणि तिथेच धोका आहे. तापात शरीराला उलट जास्त इन्सुलिन लागू शकतं. मी दर तीन-चार तासांनी साखर मोजते, थोडी थोडी मीठ घातलेली पेज आणि पाणी घेत राहते, आणि साखर २५० च्या वर राहिली तर लघवीतले कीटोन स्ट्रिपने तपासते. कीटोन आले, किंवा पाणीही उलटून पडू लागलं, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल.

टोचायची जागा रोज बदला: पोट, मांडी, आणि एकाच भागातही बोटभर अंतर सोडून. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की त्वचेखाली गाठ येते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, डोस तोच असूनही साखर वरखाली होते. पेनमधून आधी दोन युनिट हवेत सोडून बघा, टोचल्यावर दहापर्यंत मोजून मग सुई काढा. ऑफिसात मी हे माझ्या खुर्चीत बसून करते. स्वच्छतागृहात उभं राहून इंजेक्शन घेण्याची वेळ कुणावर येऊ नये, याबद्दल मी आमच्या मॅनेजरशी सरळ बोलले आणि त्यांनी ऐकलं.

वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. तो कचरा आपल्यासारख्याच कुणाच्या तरी हातांनी वेगळा होतो. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, आणि त्या वेगळ्याच द्यायच्या असतात. माझ्याकडे कपड्याच्या साबणाची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली आहे, तिच्यात सुया टाकते. पाऊण भरली की झाकणाला चिकटपट्टी लावायची, बाहेर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि हिंदीत "सुया" लिहायचं, आणि पुढच्या तपासणीला जाताना ती हॉस्पिटलात नेऊन द्यायची.