उबुंटूची पॅकेज लिस्ट अपडेट होत नव्हती, माझा अनुभव

आत्येभावाने लॅमिंग्टन रोडवरनं सेकंडहँड लॅपटॉप घेतला, उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम) आधीच टाकलेलं. मंडळाच्या पावतीपुस्तकाच्या डिझाइनसाठी इंकस्केप हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर हवं होतं, ते काही केल्या बसेना. परळला त्याच्या घरी गेलो तर म्हणतो, "दादा, नेटच गंडलंय बहुतेक." यूट्यूब मात्र मस्त चालू!

टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून सुडो एपीटी अपडेट मारलं. या कमांडने सॉफ्टवेअर काही बदलत नाही, सर्व्हरवर कुठलं पॅकेज (म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा) कुठल्या व्हर्जनमध्ये आहे त्याची यादी फक्त खाली उतरते, नवीन व्हर्जन बसवायला नंतर अपग्रेड मारावं लागतं. इथे यादीच येईना. ओळीमागून ओळ 404 नॉट फाउंड आणि खाली रिलीज फाइल नाही म्हणून एरर. भावाने कुठेतरी वाचून लिस्टचं फोल्डर डिलीट करून पाहिलेलं, पण सर्व्हरवरच माल नाही तर इथे झाडलोट करून काय होणार.

404 म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलोय पण तिथे ते पान नाही, म्हणजे नेट ठीक आहे. मग एलएसबी रिलीज कमांडने व्हर्जन बघितलं तर 23.10. तिथेच ट्यूब पेटली. उबुंटूच्या एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे बरीच वर्षं अपडेट मिळणारं) नसलेल्या व्हर्जनला 9 महिनेच सपोर्ट असतो, 23.10 चा जुलै 2024 मध्ये संपला आणि नंतर ही जुनी व्हर्जन्स नेहमीच्या सर्व्हरवरून काढून ओल्ड-रिलीजेस नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवतात.

मग ईटीसी, एपीटी फोल्डरमधली सोर्सेस डॉट लिस्ट फाइल आधी कॉपी करून ठेवली (हे कराच), नॅनो या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये उघडली आणि कंट्रोल बॅकस्लॅशने सगळीकडे सर्व्हरचा पत्ता बदलून ओल्ड-रिलीजेसचा टाकला, सिक्युरिटीवाल्या ओळी धरून, त्या हमखास विसरतात लोक. मॅन्टिक हे व्हर्जनचं नाव तसंच ठेवायचं. सेव्ह करून परत अपडेट मारलं तर गेट, गेट, गेट करत याद्या धडाधड उतरल्या, शेवटी डन. इंकस्केप लगेच बसलं.

पण 23.10 ला सिक्युरिटी पॅच आता येणार नाहीत, त्यामुळे त्यावर बँकेचं काही करू नको म्हणून बजावलंय आणि 24.04 चा पेनड्राइव्ह बनवून दिलाय, ते एलटीएस आहे, 2029 पर्यंत बघायला नको. बॅकअप घेतला की टाकतो म्हणतोय.