३८ तासांचे ८० तास कसे होतात

ईटीए या स्विस कंपनीच्या २८२४-२ मशीनचं ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने चावी बसणारं) घड्याळ शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं, तर रविवारी सकाळी ते बंद पडलेलं असतं. पूर्ण चावीवर ते जेमतेम ३८ तास चालतं. त्याच मशीनवरून बेतलेलं पॉवरमॅटिक ८० हे मशीन सोमवारीही टिकटिकत असतं. व्यास तोच, २५.६ मिमी.

फरक आहे बॅरलच्या, म्हणजे चावीच्या स्प्रिंगच्या डबीच्या, पोटात. मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळ चालवणारी पट्टी, ज्या दांड्याभोवती गुंडाळते तो आर्बर पॉवरमॅटिकमध्ये बारीक केलाय, म्हणून तेवढ्याच डबीत जास्त लांब पट्टी मावते. जुन्या घड्याळजींचा हिशोब असा, की आर्बर बॅरलच्या आतल्या व्यासाच्या एक तृतीयांश असावा. त्याहून बारीक केला की कार्बन स्टीलची पट्टी आतल्या वेढ्याला फार वाकते आणि तुटते. आजचे कोबाल्ट-निकेलचे मिश्रधातू तो ताण सोसतात.

पण नुसती लांबी वाढवून भागत नाही. पट्टी पातळ केली तर वेढे जास्त बसतात, मात्र जोर जाडीच्या घनाप्रमाणे घटतो: जाडी १० टक्के कमी, तर जोर तब्बल २७ टक्के कमी. म्हणून बॅलन्सचा, म्हणजे ठोके देणाऱ्या डोलत्या चाकाचा, ऊर्जेचा खर्चही कमी करावा लागतो. २८२४-२ तासाला २८,८०० ठोके देतं, पॉवरमॅटिक २१,६००. सेकंदकाटा किंचित अडखळत सरकतो. माझ्या मते हा सौदा रोजच्या वापराला उत्तम आहे.

राखीव वेळ, म्हणजे पूर्ण चावीवर घड्याळ किती तास चालतं, ते तपासताना क्राउनने (चावीच्या बटणाने) तीस-चाळीस वेढे द्या, घड्याळ तबकडी वर करून ठेवा आणि बंद पडल्याची वेळ नोंदवा. ऑटोमॅटिकमध्ये जास्त चावीने काही तुटत नाही, कारण पट्टीचं बाहेरचं टोक बॅरलच्या भिंतीवर घसरतं. तेच टोक वेळेआधी घसरू लागलं तर तास कमी भरतात. भिंतीला ब्रेकिंग ग्रीसऐवजी (टोक धरून ठेवणाऱ्या ग्रीसऐवजी) साधं तेल लागलं की हमखास असं होतं.

दोष कुठे आहे ते टाइमग्राफर, म्हणजे घड्याळाचे ठोके ऐकून मोजणारं यंत्र, सांगतो. पूर्ण चावीवर अँप्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) २७०-३०० अंश असून तास कमी भरत असतील, तर बॅरल उघडा. सुरुवातीलाच २२० अंश दिसत असेल, तर आधी चाकांच्या पिव्हटवरचं (आसाच्या टोकांवरचं) वाळलेलं तेल बघा. तिथे नवी मेनस्प्रिंग घालणं म्हणजे पैसे वाया. जास्त जाडीची घालून जोर वाढवणं तर आणखी वाईट: बॅलन्स प्रमाणाबाहेर फिरून त्याची इम्पल्स पिन (धक्का घेणारी खुंटी) पॅलेट फोर्कवर (तो धक्का देणाऱ्या काट्यावर) मागून आदळते आणि घड्याळ दिवसात कित्येक मिनिटं पुढे जातं.