सोनुर्लीची जत्रा फाल्यां!

सावंतवाडी रोड स्टेशनाबाहेर मी रिक्षावाल्याला ऐटीत म्हणालो, "सोनुर्ली. माउलीच्या जत्रेला."

त्याने आधी माझी सॅक बघितली, मग मला. "ती फाल्यां."

"आज त्रिपुरी पौर्णिमा आहे ना?"

"आसा मां. म्हणानच फाल्यां."

फाल्यां म्हणजे उद्या. सोनुर्लीच्या माउली देवीची जत्रा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भरते, हे सिंधुदुर्गातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मी मात्र नाशिकहून कालनिर्णय बघून निघालो होतो. रिक्षात बसल्यावर कळलं की चालवणारा स्वतःच दशावतारी आहे, म्हणजे इथल्या जत्रांत रात्री होणाऱ्या दशावतार या लोकनाट्यातला नट. दिवसा रिक्षा, रात्री एका नाटक कंपनीत राणीचं काम. कार्तिकापासून होळीच्या पुढेपर्यंत त्याची झोप दुपारी दोन ते पाच. "सोनुर्लीक माका जमूचा नाय, फाल्यां आमचा नाटक दुसरीकडे. परवा मात्र हयसरच एका गावात आसा. येवा." मी लगेच हो म्हटलं आणि मग हळूच परतीचं तिकीट रद्द केलं.

फुकटचा मिळालेला तो दिवस मी सावंतवाडीत आणि पिंगुळीत घालवला. सावंतवाडीचं फार सांगत नाही. मोती तलावाला फेरी, चितारआळीत लाकडाची फळं, राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. त्यातली दशावतारी गंजिफा मात्र जरा निरखून पाहण्यासारखी. पत्ते गोल, एकूण 120, आणि दर अवताराचे 12. हे दहा अवतार इथे हातात खेळवतात, चितारतात, रात्री नाचवतात. गंमत म्हणजे दशावतारी नाटकात बघायला गेलात तर दहाच्या दहा अवतार भेटतच नाहीत. त्यावर पुढे येतो.

पिंगुळी कुडाळ तालुक्यात. तिथल्या गुढीपूर वाडीत ठाकर समाजाची घरं आहेत, आणि परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात उभं केलेलं लोककलेचं संग्रहालय. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आत चित्रकथीच्या पोथ्या आहेत. पोथी म्हणजे बांधलेलं पुस्तक नव्हे. सुटी चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे कागद टिकतो आणि पुढचं चित्र पटकन फिरवता येतं. कथेकरी एकेक चित्र उभं धरून रामायण-महाभारतातला प्रसंग गातो. शेजारी कळसूत्री बाहुल्या टांगलेल्या, आणि सावल्यांच्या खेळाच्या चामडी बाहुल्या वेगळ्या. सावंतवाडी संस्थानाच्या काळात ठाकरांना या कामासाठी देवळं नेमून दिलेली होती. नवरात्रात देवळात चित्रकथी लावायचा मान त्यातूनच आला. चित्रकथी देवळातच ऐकायची असेल तर नवरात्राच्या हिशेबाने या. मी चुकीच्या महिन्यात होतो, पण खेळ पाहायला मिळाला. समोर प्रेक्षक आम्ही चौघं, तरी वीणेवरचा आवाज चारशे माणसांसाठी लावलेला.

दुसऱ्या दिवशी सोनुर्ली. गर्दीबद्दल लिहायचं तर लिहायला हात मोकळा ठेवायलाही जागा नव्हती. ओट्या भरायची रांग, खाज्याचे आणि खटखट्या लाडवांचे ढीग, मुंबईहून आलेले चाकरमानी, आणि रात्री लोटांगणं. नवस बोललेले पुरुष ओल्या अंगाने देवळाभोवती जमिनीवर लोळत फिरतात, बायका उभ्याने लोटांगण घालतात. मी एका कोपऱ्यात खांबाला चिकटून उभा होतो. एक साठीचा माणूस शेवटच्या वळणावर थांबला, दोन श्वास घेतले, पुन्हा लोळला. त्याचा मुलगा बाजूने चालत त्याच्या डोक्याखाली येणारे खडे पायाने सारत होता. श्रद्धेबद्दल माझं मत काय ते राहू द्या. त्या पोराची नजर जमिनीवरून एकदाही हलली नाही.

तिसऱ्या रात्री रिक्षावाल्याच्या मागे एका छोट्या गावात. पालखी फिरून देवळात शिरेपर्यंत बारा वाजले. तोवर मला नाटकाच्या खोलीत बसायला मिळालं. खोली म्हणजे शाळेचा वर्ग. मध्यभागी पेटारा, त्यावर गणपतीचा मुखवटा, पुढे समई. जो तो आपापला छोटा आरसा गुडघ्याशी टेकवून रंगायला बसलेला. इथे रंगभूषाकार नसतो, आणि संहिताही नसते. कंपनीच्या मालकाने दहा मिनिटांत आख्यान सांगितलं: तू राजा, तू राक्षस, दुसऱ्या प्रवेशात शाप, इथे युद्ध. बाकी सगळं तोंडून निघेल तसं. आमचा रिक्षावाला दाढी दुसऱ्यांदा घोटून भुवई कोरत होता. नऊवारीचा पदर खांद्यावर बसला आणि त्याने मान जराशी वळवली. "जेवलास मां?" हे आता राणीने विचारलं होतं.

त्याच्या शेजारी एक वयस्क नट. ते मानधनाची फाईल घेऊन आले होते, कुणाला तरी दाखवायला. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना सरकार मानधन देतं. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा तीन श्रेणी होत्या, 2024पासून सरसकट महिन्याला 5000 रुपये झाले. अडचण पुराव्यांची. नाटकाला तिकीट नाही, संहिता नाही, जुन्या पत्रकांवर कंपनीचं नाव मोठं आणि नटाचं बहुतेकदा नाहीच. चाळीस वर्षं भीम केला, तो कागदावर कसा आणायचा? त्यांच्या फाइलीत गावोगावच्या देवस्थानांची पत्रं होती: अमुक जत्रेत यांनी काम केले आहे. एका पत्रावर तेलाचा डाग होता, त्याचीच त्यांना जास्त काळजी. "रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा," ते हसून म्हणाले. ही म्हण पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जायच्या काळातली. आता टेम्पो आहे.

नाटक देवळापुढच्या मांडवात. नेपथ्य म्हणून एक बाकडं. ते सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर. पायपेटी, मृदंग, झांज. आधी गणपती आला, मग मोरावरची सरस्वती, आणि मग काळ्या कपड्यांतला, लाल जीभ लोंबणारा संकासुर. तो मालवणीत सरपंचापासून वायरमनपर्यंत कुणालाच सोडत नाही. विष्णू येऊन त्याला मारतो. झाले तुमचे अवतार! पुढचं आख्यान वेगळंच. हल्ली पत्रकावर 'ट्रिकसीनयुक्त' असं ठळक छापतात. इथे धूर सोडून नाग निघाला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला विचाराल तर धुराची गरज नव्हती. राणीने राजाला वनात जाऊ नका म्हणून आळवलं तेव्हा पुढच्या रांगेतली म्हातारी पदराने डोळे पुसत होती, आणि ती राणी रोज स्टॅंडवर तिच्यासमोर रिक्षा लावते.

पहाटे दहीहंडी फुटली. म्हणूनच इथे दशावताराला धयकालो म्हणतात. ताट फिरलं, पेटारा टेम्पोत चढला. परतताना रिक्षात त्याच्या डोळ्यांत काजळ तसंच होतं. मी म्हटलं, पुढच्या खेपेला तारीख चुकायची नाही. त्याने खिशातून घड्या पडलेला कागद काढला, मोसमाची यादी. डावीकडे तिथी, उजवीकडे गाव. बरीच गावं पिढ्यान्‌पिढ्या याच कंपनीकडे ठरलेली, त्यामुळे हंगामाचं अर्धं पोट त्या कागदावर भरतं. महाशिवरात्र, होळी, सगळं ओळीत. दोन गावांपुढे मात्र जागा कोरी. तिथली जत्रा तिथीवर नाही, देवाचा कौल मिळाल्यावर ठरते, आंगणेवाडीच्या भराडीदेवीसारखी. आंगणेवाडीची तारीख फुटली की निदान कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते. या दोन गावांसाठी कोण सोडणार?

मी कागदाचा फोटो काढला. कोऱ्या जागांवर बोट ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

"कौल झालो काय फोन करतंय," तो म्हणाला आणि स्टेशनाच्या उतारावर त्याने इंजिन बंद केलं.