मेंदूच्या गाठीतला कार्बन शोधताना: माझा अनुभव

पीएच.डी.साठी मेंदूच्या गाठींचं चयापचय हा विषय घेतला, तेव्हा डोक्यात वॉरबुर्गचं चित्र पक्कं बसलेलं होतं. ऑटो वॉरबुर्गने 1920च्या दशकात दाखवलं की कर्कपेशी ऑक्सिजन हाताशी असतानाही ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचं मोठ्या प्रमाणावर लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं रूप) करतात. पाठ्यपुस्तकात हे इतक्या ठामपणे येतं की आपण आता फक्त तपशील भरायचे, असंच वाटतं.

सुरुवातीचा काळ ग्लायोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींसारख्या पेशींच्या गाठीच्या, पेशी वाढवण्यात गेला. नेहमीच्या माध्यमात ग्लुकोज 25 मिलिमोलर असतं. रक्तात ते साधारण 5 असतं आणि मेंदूच्या पेशींभोवतीच्या द्रवात त्याहूनही कमी. पाकात बुडवलेल्या पेशींनी भरपूर लॅक्टेट केलं तर नवल काय? आम्ल वाढून गुलाबी माध्यम पिवळं पडायचं आणि वॉरबुर्ग बरोबर ठरायचा. पण याच पेशी ऑक्सिजनचा वापर मोजणाऱ्या यंत्रात घातल्या की वेगळंच दिसायचं. एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनणं थांबवणारं ऑलिगोमायसिन सोडलं की श्वसन खाली यायचं, श्वसनावरचा लगाम काढणारं एफसीसीपी सोडलं की उसळी मारायचं. म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली श्वसनाची केंद्रं, ठणठणीत! कर्कपेशींची श्वसनयंत्रणाच बिघडलेली असते, हा वॉरबुर्गचा पुढचा दावा माझ्या पेशींना तरी लागू होत नव्हता.

मी आकड्यांचे तक्ते घेऊन गाईडकडे जायचे. मॅडम म्हणायच्या, ‘किती आहे ते नंतर. कुठून आलं ते आधी सांग.’ माझ्या कामाला वळण लागलं ते या प्रश्नामुळे.

‘कुठून आलं’ हे कळण्यासाठी कार्बन-13 लागतो, म्हणजे नेहमीच्यापेक्षा किंचित जड कार्बन. ग्लुकोजचे सहाही कार्बन जड असले, तर त्यापासून झालेल्या लॅक्टेटमध्ये तीन जड कार्बन येतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, त्याचं पीक (आलेखातला उंचवटा) 89 वरून 92 वर सरकतं. ग्लुकोज तुटून आधी पायरुवेट होतं; ते लॅक्टेट न होता मायटोकॉन्ड्रियात शिरलं तर एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, उरलेले दोन सायट्रेटमध्ये येतात, आणि 191 चं पीक 193 वर दिसतं. पहिल्यांदा 193 चं पीक स्वच्छ उभं राहिलेलं पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. सायट्रिक आम्ल चक्र, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात इंधन जाळणारी अभिक्रियांची साखळी, हे भिंतीवरचं चित्र न राहता समोर चालू असलेलं काम झालं. 2012 मध्ये संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांना असं ग्लुकोज शिरेतून देऊन दाखवलं होतं की माणसाच्या मेंदूतला ग्लायोब्लास्टोमा (ग्लायोमाचा सगळ्यात आक्रमक प्रकार) ग्लुकोज या चक्रातही जाळतो. 2014 मध्ये अ‍ॅसिटेटही इंधन म्हणून वापरलं जातं हे समोर आलं. हे शोधनिबंध मी आधी वाचले होते, पण कळले ते हे पीक पाहिल्यावर.

मग प्रत्यक्ष गाठीचे तुकडे आले, अर्थातच नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णांची संमती घेऊन. याची तयारी कुठलंच पुस्तक करून देत नाही. रक्तपुरवठा तुटला की ऊतीतलं एटीपी घसरू लागतं आणि लॅक्टेट चढू लागतं, म्हणून तुकडा हातात आल्या आल्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा. करडट, मऊ, मध्येच पिवळसर मृत भाग असलेला, नखाएवढा तुकडा. चर्रर्र आवाज होतो आणि तो खड्यासारखा कडक होतो. पुढे खलबत्तासुद्धा नायट्रोजनने गार करून त्यात पूड करायची. ती वितळू द्यायची नाही. गाठ निघाल्यापासून गोठेपर्यंत किती वेळ गेला, हे मी प्रत्येक नळीवर लिहिते. ही नोंद नसेल तर लॅक्टेटचा आकडा गाठीबद्दल बोलतोय की वाट पाहण्याबद्दल, हे कुणीच सांगू शकत नाही.

अशाच नमुन्यांत मी 2-हायड्रॉक्सिग्लुटारेट हा रेणू पाहिला; काही गाठींत तो भरमसाट साठतो. 2008 मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या जनुकांचं वाचन करताना आयडीएच-1 या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकातला बदल सापडला. हा बदल असलेल्या बहुतेक रुग्णांत विकराच्या साखळीत 132व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन असतं. 2009 मध्ये कळलं की बदललेलं विकर अल्फा-कीटोग्लुटारेटपासून (सायट्रिक आम्ल चक्रातल्या एका रेणूपासून) 2-हायड्रॉक्सिग्लुटारेट तयार करतं आणि त्यात एनएडीपीएच, म्हणजे पेशीत इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू, खर्च होतं. मूळ विकर एनएडीपीएच तयार करतं, हे तेच एनएडीपीएच खातं! हा रेणू दिसायला अल्फा-कीटोग्लुटारेटसारखा, त्यामुळे डीएनए आणि तो ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरच्या, जनुकांचं काम ठरवणाऱ्या मिथाइल खुणा पुसणारी विकरं अडतात. एका विकरातला बदल सगळ्या जनुकांच्या वागण्यापर्यंत पोचतो. या विषयात मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवणारी गोष्ट हीच.

बदल असलेल्या गाठीत 2-हायड्रॉक्सिग्लुटारेटचं 147 चं पीक इतकं उंच येतं की शेजारची बुटकी वाटतात. तरी तेवढ्यावर थांबता येत नाही. ऑक्सिजन कमी पडला की पेशी याच रेणूचं एल रूप बनवतात, बदललेलं विकर बनवतं त्या डी रूपाची आरशातली प्रतिमा, आणि वस्तुमान दोन्हींचं सारखंच. टार्टारिक आम्लाचं साधित जोडून डी आणि एल वेगळे करण्याची पद्धत बसवायला मला बराच वेळ लागला, आणि तो वेळ सत्कारणी लागला असं मी आजही म्हणेन.

ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेत व्होरासिडेनिब या औषधाला मान्यता मिळाली. आयडीएच बदल असलेल्या, दुसऱ्या श्रेणीच्या ग्लायोमासाठी शस्त्रक्रियेनंतर ते देतात. त्या दिवशी लॅबमध्ये आम्ही बराच वेळ त्याबद्दलच बोलत होतो. पण ग्लायोब्लास्टोमा हे निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणापासून आयडीएच बदल नसलेल्या गाठींसाठीच वापरलं जातं, आणि तिथे असा एक ठळक रेणू हाताशी नाही. म्हणून सध्या मी ताज्या गाठीचे पातळ काप रक्तद्रवाशी मिळत्याजुळत्या माध्यमात ठेवते. काहींना जड कार्बनचं ग्लुकोज देते, काहींना अ‍ॅसिटेट. गाठीची कड आणि तिचा गाभा एकच इंधन वापरतात का, हे मला त्यातून पाहायचं आहे.