एक पोतं पिल्सनर, मूठभर म्युनिक

फिकी बिअर म्हणजे सोपी बिअर, असं मला हेलेस ही फिकी जर्मन बिअर करून बघेपर्यंत वाटायचं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. बिअर बनवायला परवाना लागतो, घरची हौसही त्यातून सुटत नाही. माझ्या मित्राची नाशिकमध्ये परवान्याची छोटी ब्रुअरी आहे. तिथल्या 20 लिटरच्या चाचणीच्या भांड्यावर रविवारी माझी खटपट चालते. परवाना त्याचा, भांडं त्याचं, चुका माझ्या.

हेलेस म्युनिकची. चेक देशातल्या पिल्सेन गावची सोनेरी बिअर, म्हणजे पिल्सनर, 1842 मध्ये आली आणि गाजली, तरी म्युनिकवाले गडद बिअर सोडेनात. शेवटी 1894 मध्ये तिथल्या श्पाटेन ब्रुअरीने आपली फिकी बिअर बाजारात आणली. पिल्सनरपेक्षा कडूपणा कमी, माल्टची, म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेल्या जवाची, चव पुढे. हे वाचून मी सरळ हिशोब केला: माल्ट पुढे यायला हवं, तर माल्ट भरपूर प्रकारचं घालू. पिल्सनर, व्हिएन्ना, म्युनिक, मेलॅनॉइडिन, वर कॅरॅमल. मिसळीच्या मसाल्याची असावी तशी यादी झाली.

ब्रुअरीतली चक्की पोत्यांच्या मापाची, चार-पाच किलो तिच्यात हरवूनच जातं. म्हणून डबा घेऊन गल्लीतल्या गिरणीत गेलो.

"जव का? शुगरसाठी?" गिरणीवाल्या काकांनी विचारलं.

"हो... म्हणजे तसंच. भरड काढा काका, एकदम जाडी. टरफल अख्खं राहायला हवं."

काकांची जाडी भरड म्हणजे बारीक रवा निघाला आणि टरफलाचा भुगा. माल्टमध्ये टरफल हीच गाळणी असते. दाणा फुटावा पण टरफल शाबूत राहावं, मग तळाशी त्याचा थर बसतो आणि गोड पाणी त्यातून निथळतं. माझ्या भांड्यात नुसती खळ झाली. नळ उघडला तर थेंब येईना. दोन तास झटून शेवटी जुन्या पंचातून पिळून काढलं, श्रीखंडाचा चक्का बांधतात तसं.

दीड महिन्याने ग्लासात उतरली ती बिनदुधाच्या चहाच्या रंगाची. वास चिक्कीचा. दोन घोट बरे लागले, तिसऱ्याला जीभ चिकटली. मित्र म्हणाला, "चांगली आहे रे, पण ही हेलेस नाही." मग त्याने मला प्रत्येक माल्ट चावून बघायला लावलं.

हे आधी करायला हवं होतं. पिल्सनरचा दाणा कुरकुरीत फुटतो, आधी कोरडं पीठ लागतं, मग साळीच्या लाह्या, आणि अगदी शेवटी मधाची पुसट आठवण. व्हिएन्ना म्हणजे मारी बिस्कीट. म्युनिक म्हणजे पावाची खरपूस कड. कॅरॅमलचा दाणा काचेसारखा कडक, आत जळकी साखर. सगळे एकदम तोंडात टाकले तर पिल्सनर कुठे गेलं ते सापडतच नाही. आई नाचणीला मोड आणून सत्त्व करते, माल्टचंही तेच. भट्टीत किती तापवलं यावर रंग ठरतो: ईबीसी या रंगाच्या मापात पिल्सनर 3 ते 4, म्युनिक 12 ते 25.

दुसऱ्या खेपेला नुसतं पिल्सनर. रंग सुरेख, पण घशाला तुरट, पत्ती जास्त उकळलेल्या चहासारखी. मी माल्टला शिव्या घालत होतो, दोष निघाला पाण्याचा. त्या दिवशी बोअरचं पाणी घेतलं होतं, आणि ते जड. गडद माल्ट स्वतःची आम्लता आणतं, फिकं तितकी आणत नाही. मॅशचा, म्हणजे माल्ट आणि गरम पाण्याच्या मिश्रणाचा, पीएच 5.8 भरला, हवा 5.4 च्या आसपास. म्युनिकचं पाणीही असंच चुन्याचं. गडद बिअर तिथे का रुजली, ते मला बोअरच्या पाण्याने शिकवलं. यावर जर्मनांचा तोडगा अ‍ॅसिड माल्ट. त्यांच्या शुद्धतेच्या नियमात आम्ल थेट ओतता येत नाही, म्हणून ते लॅक्टिक आम्ल माल्टवरच चढवून घेतात. एक टक्का घातलं की पीएच साधारण 0.1 उतरतो.

मधल्या पावसाळ्यात पोत्याचं तोंड उघडं राहिलं आणि वरचं माल्ट सादळलं. चावल्यावर कळलं, कुरकुरच नाही. आता हवाबंद पिंप.

तिसऱ्या खेपेचं माप असं: पिल्सनर 4 किलो, म्युनिक 120 ग्रॅम, अ‍ॅसिड माल्ट 80 ग्रॅम. कॅरॅमल अजिबात नाही. निम्मं पाणी आरओचं. हाताने फिरवायची रोलरची चक्की घेतली. 90 मिनिटं झाकण न ठेवता उकळलं, नाहीतर पिल्सनर माल्टला उकडलेल्या मक्याचा वास राहतो. यीस्ट 12 अंशांवर, नंतर पाच आठवडे शून्याच्या आसपास. जानेवारीत, निफाडच्या थंडीच्या बातम्या येत असताना, ती प्यायलो. गवती सोनेरी, आणि शेवटी तोच दाण्यातला मध.

गिरणीतलं किलोभर पीठ घरी उरलं होतं. आईने ते थालीपिठात घातलं. तव्याला असं चिकटलं की उलथनं वाकलं, चव मात्र गोडसर, बाबांनी दोन खाल्ली. काका अजून दिसलो की विचारतात, "परत जव नाही आणलं? उतरली का शुगर?"