"कुठपर्यंत येतंय?"

मी गणित शिकवते. नव्या मुलांना कॉलेजात रुळायला मदत करणारा पहिल्या सत्राचा कोर्स माझ्याकडे आला, तेव्हा मी फारशी खूश नव्हते. वेळापत्रक कसं आखायचं, नोट्स कशा काढायच्या, अडलं तर कुणाकडे जायचं, यात शिकवण्यासारखं काय आहे, असं वाटायचं. तयारीसाठी वाचायला बसले आणि तिथेच पहिला धक्का बसला. अमेरिकेत साउथ कॅरोलिना विद्यापीठाने १९७२ मध्ये 'युनिव्हर्सिटी १०१' हा अशा प्रकारचा कोर्स सुरू केला, तो १९७० मधल्या विद्यार्थ्यांच्या उग्र आंदोलनानंतर. अभ्यासाच्या युक्त्या शिकवण्याआधी मुलं आणि विद्यापीठ यांच्यातला तुटलेला विश्वास जोडायचा होता. हे कळल्यावर मी माझा आराखडा बाजूला ठेवला आणि नव्याने लिहिला.

दुसऱ्या आठवड्यात एक प्रयोग केला. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं होतं, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर पुढे असतात ते वाचून झाल्यावर आठवून लिहिणारे. मी मुलांना धडा वाचायला लावला, पुस्तकं मिटायला सांगितली आणि आठवेल ते कागदावर उतरवायला सांगितलं. एका मुलीच्या पुस्तकात पानंच्या पानं पिवळ्या हायलायटरने रंगवलेली होती. तिच्या कागदावर चारच ओळी आल्या. ती बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मला एवढंच येतं?" मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आज काय वाचायचं राहिलंय ते तुला कळलं. काल हे माहीत नव्हतं." पुढच्या तासाला तिने स्वतःहून पुस्तक मिटलं.

सगळ्यात अवघड गेला तो मदत मागण्याचा भाग. प्रत्येकाने एका शिक्षकाला त्यांच्या केबिनमध्ये भेटून एक शंका विचारायची, एवढाच गृहपाठ होता. अर्ध्याहून जास्त मुलं गेलीच नाहीत. कारण विचारलं तेव्हा एकाने सांगितलं, तो दोनदा दारापर्यंत जाऊन परत आला. काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. त्याच्या खिशात चार घड्या घातलेला कागद होता आणि त्यावर एकच ओळ: "मला काहीच कळत नाही."

त्या वाक्यावर आम्ही अख्खा तास घालवला. काहीच नाही म्हणजे कुठून नाही? तो कॅल्क्युलसमधल्या साखळी नियमावर (चेन रूल), म्हणजे एका फलनाच्या (फंक्शनच्या) आत दुसरं फलन असेल तर त्याचं विकलन (डेरिव्हेटिव्ह) कसं काढायचं, त्यावर अडला होता. बोलता बोलता कळलं, की बाहेरच्या फलनाचं विकलन त्याला नीट येतं. आतल्या फलनाच्या विकलनाने पुन्हा का गुणायचं, तिथे तो थांबतो. शेवटी त्याने कागदावर लिहिलं, "इथपर्यंत येतं, इथून पुढे तुटतं." मग वर्गातल्या प्रत्येकाने आपापल्या विषयातलं असं एक वाक्य तयार केलं. त्या आठवड्यात जवळजवळ सगळे जाऊन आले.

मधले काही आठवडे कसेबसे गेले. चाचण्या सुरू झाल्या आणि या कोर्सला कमी गुण असल्यामुळे हजेरी घसरली. एका मुलाने सत्राच्या मध्येच कॉलेज सोडलं. त्याच्याशी दोनदा बोलले होते. आणखी आधी बोलायला हवं होतं, ही खंत अजून आहे.

मला जे मिळालं ते माझ्याच गणिताच्या तासाला लक्षात आलं. इतकी वर्षं मी फळ्याकडून वळून "कळलं का?" विचारायचे आणि माना हलल्या की पुढे जायचे. मान हलवणं किती सोपं असतं आणि "नाही" म्हणायला केवढं धैर्य लागतं, हे मला या मुलांनी शिकवलं. आता मी विचारते, "कुठपर्यंत येतंय?" त्यावर उत्तरं येतात. कधी पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं जातं, आणि तेव्हा मला मनापासून आनंद होतो, कारण मग तिथूनच सुरुवात करता येते.

यंदा सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या दारावर टकटक झाली. तोच चार घड्यांच्या कागदवाला मुलगा होता, आता दुसऱ्या वर्षाला. त्याच्यामागे एक नवा, अवघडलेला मुलगा उभा होता. याने त्याला खांद्याला धरून पुढे केलं आणि म्हणाला, "घाबरू नकोस. कुठपर्यंत येतं, तेवढंच मॅडमना सांग."