आमची 2008 ची वॅगन आर

जुन्या वॅगन आरच्या पुढच्या डाव्या सीटखाली एक ट्रे असतो. ज्यांनी ही गाडी वापरलीय त्यांना तो माहीतच असणार. आमच्या ट्रेमध्ये टॉर्च, फ्यूजची डबी, एक जुना टॉवेल, सासूबाईंचा गुडघ्याला बांधायचा पट्टा आणि खराट्याच्या चार काड्या कायम असतात. काड्या कशाला, असं गाडीत बसणारा प्रत्येक नवा माणूस विचारतो. ते पुढे सांगते.

गाडी आम्ही 2016 मध्ये साताऱ्याहून घेतली. मालक बँकेतून निवृत्त झालेले, घराखाली शेड, गाडी कायम सावलीत. साठ हजारांच्या आसपास चाललेली. तेव्हा आमच्यासमोर पर्याय बरेच होते. थोडी नवी, लांब डिकीची, दिसायला देखणी अशी एक गाडीही बघून झाली होती. पण त्या गाडीत बसताना सासूबाईंना खाली खाली जावं लागायचं आणि उतरताना दोघांनी हात द्यावा लागायचा. वॅगन आरचं दार उघडलं, त्या पाठमोऱ्या झाल्या, सीटवर टेकल्या आणि पाय आत घेऊन वळल्या. कुणी हात दिला नाही. "हीच घ्या," म्हणाल्या. छप्पर उंच, सीट कंबरेच्या पातळीला आणि दार सरळ उभं, एवढंच कारण. गुडघे दुखणारं माणूस घरात असेल तर मी आजही सगळ्यांना हेच सांगते: गाडी बघायला जाताना त्या माणसाला बरोबर न्या आणि चारदा बसवून-उतरवून बघा. बाकीचं नंतर.

आमचे मिस्त्री कराडजवळच्या मलकापूरला हायवेच्या कडेला गॅरेज चालवतात. गाडी बघायला तेही बरोबर आले होते. गेल्या गेल्या त्यांनी पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवला. गार होतं. मग हसले. मालकाने आपण यायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवली असेल तर थंड इंजिनाचं खरं दुखणं कळत नाही, हे त्यांनी परतीच्या वाटेवर सांगितलं. मग ऑइलचं झाकण काढून आतली बाजू बोटाने पुसून पाहिली. तिथे दुधाळ, साईसारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी जातंय अशी शंका घ्यायची. सुरू केल्यावर मागे जाऊन धूर पाहिला: निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, आत जातंय. टायरच्या कडेचे शेवटचे चार आकडे वाचायलाही मी तेव्हाच शिकले. 2314 असं असेल तर 2014 सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, रबराचं वय त्या आकड्यांत असतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. कराडात, सांगलीत, कोल्हापुरात किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण सगळ्यांनीच पाहिलं. आमची गाडी आदल्याच दिवशी वरच्या बाजूला ओळखीच्या अंगणात नेऊन लावली होती. पण त्यानंतर जुनी गाडी घेणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट सांगायला लागले: चारही सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा. गाडी आतून कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. आणि पायाखालचं कार्पेट उचलून वास घ्या. पूर कितीही जुना झाला तरी तो वास जात नाही.

आता काड्यांबद्दल.

माझं माहेर गुहागरचं. सासर कराड. मध्ये कुंभार्ली घाट. पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग घाट उतरून पोफळी आणि चिपळूण. एकूण साधारण दीडशे किलोमीटर. गाडी घेण्याआधी हा प्रवास एसटीने व्हायचा आणि आईला बरं नाही म्हणून फोन आला की स्टँडवर बसून गाडीची वाट बघण्यात जीव अर्धा व्हायचा. या गाडीने मला माहेर जवळ आणून दिलं. वडील गेले त्या रात्री आम्ही याच गाडीने घाट उतरलो, धुक्यात, पुढचा पांढरा पट्टा तेवढा दिसत होता. त्यामुळे हिच्याबद्दल मी कोरडेपणाने लिहू शकत नाही, लिहायचंही नाही.

पण कोकण गाडीला खातं. खारी हवा, चार महिने पाऊस, अंगणातला चिखल. पत्रा बाहेरून गंजत नाही, आतून गंजतो, आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, काचेवरून आत उतरलेलं पाणी त्यातून बाहेर पडावं म्हणून. धूळ आणि पानांचा चुरा बसून ती बुजतात. मग दाराच्या पोटात पाणी साठतं आणि खालची शिवण कुजायला लागते. खराट्याची काडी त्या भोकात घालून फिरवली की काळं पाणी भळाभळा बाहेर येतं. तारेने करू नका, रंग खरवडला जातो आणि तिथूनच गंज धरतो. वायपरखालच्या जाळीतही पानं अडकतात, विशेषतः गाडी आंब्याखाली लावली तर. गुहागरहून आलं की दुसऱ्या दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची, चाकांच्या वरच्या कमानींच्या आत पाइप घालून. हे काम माझी मुलगी करते आणि तिला ते आवडतं.

घाट चढताना एसी बंद. 1061 सीसीचं इंजिन, पाच माणसं आणि वर आमसुलं, नारळ, फणसाची पोळी. तिच्याकडून जेवढं मागायचं तेवढंच मागायचं. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर सरकायला लागला तर बाजूला घ्यायचं, बॉनेट उघडायचं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, झाकण उघडलं की तोंडावर येतं. उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ब्रेक तापले की ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते ऑइल बदलून घेतो. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मिसळलं की कमी उष्णतेला उकळतं. हे मिस्त्रींनी मला एकदा हातात बाटली देऊन समजावलं होतं. पावसाळ्याआधी रेडिएटरचा पंखाही आम्ही तपासतो: गाडी उभ्या जागी सुरू ठेवायची, काटा मध्यावर येऊ द्यायचा आणि पंखा आपोआप लागतो का ते ऐकायचं.

ऐकायचं, हे महत्त्वाचं. मिस्त्री म्हणतात, "वहिनी, तुम्ही रोज बसता, मी महिन्यानं. आवाज बदलला ते तुम्हालाच आधी कळणार." आणि तसंच झालं. रिकाम्या रस्त्यावर साठच्या पुढे गेलं की उजव्या बाजूने एक बारीक घरघर यायला लागली, वळण डावीकडे घेतलं की ती वाढायची. मी जाऊन सांगितलं. त्यांनी पुढचं उजवं चाक जॅकवर उचललं, हाताने फिरवलं आणि बेअरिंग गेलंय म्हणाले. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर जातो, म्हणून आवाज तेव्हा वाढत होता. संध्याकाळपर्यंत काम झालं.

संध्याकाळपर्यंत काम झालं, हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. ही गाडी आमच्या गावात दुरुस्त होते. हेच इंजिन ऑल्टोच्या जुन्या 1061 सीसीच्या आवृत्तीतही होतं, त्यामुळे टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट मागायला गेलं की दुकानदार पाठीमागच्या फळीवरून काढून देतो. टायमिंग बेल्ट आम्ही वेळेआधीच बदलला, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप यांच्यासकट, कारण तेवढंच सगळं पुन्हा खोलायची मजुरी वेगळी द्यावी लागते आणि घाटात बेल्ट तुटला तर गाडी जागीच उभी. एका ओळखीच्यांच्या नव्या गाडीचा एक सेन्सर यायला आठवडे लागले. गाडी वाईट नव्हती, खूप चांगली होती. पण ती उघडायची कशी हे इथल्या कुणालाच माहीत नव्हतं. मला माझ्या गावाच्या आवाक्यातली गाडी हवी आहे. रेडिएटरवाले काका, वायरिंगचा मुलगा, सीटचं कव्हर शिवणारे, पंक्चरवाला. ही गाडी या सगळ्यांच्या हाताखालून गेलीय आणि प्रत्येकाला ती ठाऊक आहे.

2023 मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि घरातले सगळे म्हणाले, आता भंगारात द्यावी लागणार. हा गैरसमज फार पसरलेला आहे. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली परिसरातली. आपल्याकडे खासगी गाडी आरटीओत दाखवायची, तपासणीत पास झाली की पाच वर्षांसाठी नोंदणी वाढते. लोक याला रिपासिंग म्हणतात. फॉर्म 25 भरायचा, फी भरायची, हरित कर भरायचा, विमा आणि पीयूसी चालू असावं. फी पूर्वी 600 रुपये होती, 1 एप्रिल 2022 पासून 5000 झाली. मुदत संपायच्या आधीच अर्ज करा, उशिराचा दंड महिन्यागणिक वाढतो. मी एजंट न लावता स्वतः गेले. तिथल्या साहेबांनी चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घेतला, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर सगळं बघितलं, खाली वाकून सायलेन्सर पाहिला. साहेब म्हणाले, "गाडी ठेवलीय चांगली." मी ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. मिस्त्रींना पेढे दिले.

विम्यात मात्र एक गोष्ट खटकते. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचा, हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरतो. 1000 सीसीपर्यंत 2094 रुपये, त्याच्या वर 1500 पर्यंत 3416. आमची गाडी 61 सीसीने वरच्या गटात जाते.

पेट्रोलबद्दलही लोक विचारतात. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल आमच्याच भागातल्या उसातून, मळीतून बनतं, शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, त्यामुळे मी त्याच्या विरोधात नाही. पण 2008 च्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नव्हते, हेही खरं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा दोन तृतीयांशच्या आसपास असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं पडतंच. आम्ही टाकीपासून इंजिनापर्यंतचे पाइप नवे घातले, फिल्टर लवकर बदलतो, आणि गाडी फार दिवस उभी ठेवत नाही, कारण इथेनॉल ओल ओढून घेतं. पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज. त्यात चालढकल नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. ड्रायव्हरची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती जुलै 2019 मध्ये. म्हणून पुणे–बेंगळुरू हायवेवर आम्ही ऐंशीच्या पुढे जात नाही, रात्री लांबचा प्रवास करत नाही, आणि मागच्या सीटवरही बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलत नाही. मागची बकलं सीटच्या फटीत दबलेली होती, ती पहिल्याच आठवड्यात वर काढून घेतली. ज्यांना रोज हायवेने लांब जायचं असतं त्यांना मी अशी गाडी घ्या असं सांगत नाही. आमचा वापर शाळा, बाजार, दवाखाना आणि माहेर.

2028 मध्ये पुन्हा रिपासिंग येईल. तोवर गाडीला वीस वर्षं झालेली असतील आणि 2025 मध्ये आलेल्या नव्या दराप्रमाणे वीस वर्षांवरच्या गाडीची फी 10,000 रुपये आहे. ती भरायची आमची तयारी आहे. फक्त त्याआधी मिस्त्री गाडी वर उचलून खालचा पत्रा हातोडीच्या दांड्याने ठोकून बघणार आहेत, विशेषतः जिथे सस्पेन्शन बसतं त्या जागा. इंजिन पुन्हा बांधता येतं, रंग देता येतो, दार दुसरं मिळतं. पण सस्पेन्शन ज्या पत्र्याला धरून आहे तोच कुजला असेल तर मुलांना आणि सासूबाईंना तिच्यात बसवून मी घाट उतरणार नाही, असं आमचं आत्ताच ठरलंय. गेल्या दिवाळीत बघितलं तेव्हा आवाज खणखणीत आला होता.